मागच्या एक्सलवरचं कुंकू

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही विज्ञान शाखेत. आजवर जे काही लिहिलं ते प्रयोगवहीत. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. ही गोष्टही मी आधी तशीच लिहून पाहिली, पण निष्कर्षापाशी अडलो आणि कागद फाडून टाकला. माझ्याहून चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी त्या दिवशी तिथे नव्हतं, म्हणून धीर करतो आहे.

नावं मुद्दाम लिहिलेली नाहीत. आत्याला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिव्ह बापा, पर नाव नोको टाकू. लोकं म्हनतीन, बुढीले मोठेपन पायजे." तिचंच नाव टाकायचं नाही, तर मग बाकीच्यांची टाकणंही बरं वाटेना.

आमचं गाव आंधळगावापासून जवळच. बाबा तुमसरच्या एका भातगिरणीत ड्रायव्हर होते. गिरणीनं आपली सर्वांत जुनी गाडी काढून टाकायची ठरवली, तेव्हा ती बाबांनी घेतली. पुढे लांब नाक असलेली, लाकडी केबिनची गाडी. हंगामात धान, इतर वेळी विटा आणि रेती. गाडी चढावर लागली की तिचा आवाज गावात ऐकू यायचा आणि आई चुलीवर भाताचं आधण ठेवायची.

मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधी गाडीचा मागचा एक्सल तुटला. विटा भरलेल्या होत्या आणि नाल्यातून वर चढताना मागून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. चाकांना ताकद पोचवणारे आतले दाते तर गेलेच, पण ज्या लोखंडी पेटीत ते बसतात ती पेटीही चिरली होती. फाट्यावरचा मिस्त्री त्या पेटीला हौसिंग म्हणायचा. तो बाबांना म्हणाला, "हे वेल्डिंग करून भागाचं नाई, डायवरभाऊ. आता याचा जुळा भाऊ शोधा."

त्या बनावटीच्या गाड्यांचे नवे भाग मिळणं केव्हाच बंद झालं होतं. बाबांनी शोध घेतला तेव्हा कळलं, की बपेऱ्याला एकाच्या घरामागे तशीच गाडी कित्येक वर्षं उभी आहे. बाबा गेले तेव्हा तिच्या केबिनमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालक भला माणूस. हंगामात त्याचं धान बाबांनी वाहून द्यायचं, एवढ्यावर तो एक्सल द्यायला तयार झाला. फक्त कोंबडी उठेपर्यंत केबिनला हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तो एक्सल आमच्या फाट्यावर आला.

एरवी बाबांनी इतकी घाई केली नसती. पावसाळा नुकताच सरला होता, धान अजून शेतात उभं होतं, गाडीला काम कमीच होतं. घाई आत्यासाठी होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा तिला बाई म्हणतात. लहानपणीच आई गेली तेव्हा बाबांना तिनंच वाढवलं, आणि लवकर विधवा झाल्यावर ती आमच्याकडेच राहिली. छप्पन साली दसऱ्याला नागपूरला आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमचा अख्खा टोला, म्हणजे आमची वस्ती, गेला, कुणी रेल्वेनं, कुणी चालत. आत्या गेली नाही. मी तेव्हा काही महिन्यांचा होतो आणि तापानं फणफणलो होतो. "तुमी दोघं जा, मी पोराले पाह्यतो," असं तिनं आई-बाबांना सांगितलं आणि ती मला घेऊन मागे राहिली. तिकडून सगळे परत आले तेव्हा दाराच्या चौकटीवरचं कुंकू तिनं स्वतःच्या हातानं पुसून ठेवलेलं होतं. ती इथेच, गावातच बौद्ध झाली. पण नागपूरच्या त्या जमिनीला तिचे पाय लागले नाहीत.

पुढे दर वर्षी दसऱ्याला लोक तिथे जायचे, पण तिला काहीतरी आडवं यायचं. नंतर एकदा रोवणीच्या दिवसांत ती बांधावरून घसरून पडली आणि तिचं कंबरेतलं हाड नीट जुळलंच नाही. थोडं चालली की ती थांबायची. दसऱ्याच्या गाड्यांना जी गर्दी असते, तीत तिला नेणं शक्य नव्हतं. एरवीच्या दिवशी बसनं नेऊन आणू, असं मी म्हणालो होतो. ती म्हणाली, "रिकाम्या मैदानात जाऊन काय पाहू? जायचं तं साऱ्यांसंग." त्या वर्षी बाबांनी तिला शब्द दिला होता. तिला केबिनमध्ये, आपल्या शेजारी बसवून दसऱ्याला नेणार. आत्यानं पांढरं लुगडं धुऊन, घडी करून उशाखाली ठेवलं होतं. आणि मग एक्सल तुटला.

सहामाही परीक्षेआधी अभ्यासाला सुट्टी होती, म्हणून मी गावी आलो होतो. पुस्तकं पिशवीतच राहिली. मी रोज बाबांबरोबर फाट्यावर जाऊ लागलो.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे चिंचेखाली एक टिनाची टपरी. समोर एस.टी.चा थांबा आणि ओढून आणलेली आमची गाडी. नवरात्र होतं, म्हणून टपरीत देवीच्या तसबिरीपुढे दिवा आणि कुंकवाची डबी. मिस्त्री पन्नाशीचा, अंगानं आडवा, तोंडात सदा सुपारी. मला तो नावानं हाक मारत नसे.

"ए कालेज, तो पाना दे. तो नाई, त्याचा बाप दे."

"कालेज, थंडा जोर लावून राहिला तू. मेसमधी जेवाले देत नाई काय?"

गाडीचा मागचा भाग जॅकनं उचलून आम्ही खाली रेल्वेच्या जुन्या लाकडी फळ्या रचल्या. चाकं काढली. स्प्रिंगच्या कमानी पाट्यांना एक्सल आवळून धरणारे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांच्यावर रॉकेल सोडायचं, वाट पाहायची, मग बाबांनी पाना धरायचा आणि मी पान्यात नळी घालून लोंबकळायचं. बोल्ट सुटला की किर्र असा आवाज यायचा आणि बाबा माझ्याकडे न बघता हसायचे. त्याआधी बाबांबरोबर इतके दिवस सलग मी कधीच काम केलं नव्हतं. त्यांचं माझं बोलणं फार होत नसे. मी कॉलेजात गेल्यापासून तर ते माझ्याशी जरा जपूनच बोलायचे, पाहुण्याशी बोलावं तसं. गाडीखाली पाठीवर निजून, एकाच बोल्टाकडे बघत असताना मात्र ते सहज बोलले. बपेऱ्याच्या कोंबडीबद्दल बोलले. आत्या त्यांना पाठुंगळी घेऊन बोडीवर आंघोळीला न्यायची, तेही बोलले. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. मध्येच म्हणाले, "यंदा बाईले नेता नाई आलं, तं मले तोंड दाखवाले जागा नाई." मी पान्यात पुन्हा नळी घातली. तिचं मागे राहणं माझ्यामुळे होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आत्याही रोज दुपारी यायची. घरून फाट्यापर्यंत थांबत थांबत, माझ्यासाठी आणि बाबांसाठी भाकर घेऊन. मग चिंचेखाली फळीवर बसून राहायची. नुसतं बसणं तिच्या स्वभावात नाही. तिनं मिस्त्रीला काम मागितलं. मिस्त्री म्हणाला, "बाई, तुमी ते नट-बोल्ट पुसा रॉकेलनं." तिनं ते भांडी घासावीत तसे लख्ख केले आणि आकारानं लावून ठेवले. मिस्त्री बाबांना म्हणाला, "डायवरभाऊ, बाईले इथीसाच ठेवा. माह्या पोट्ट्याले सुट्टी देतो."

बपेऱ्याचा एक्सल बसवण्याआधी तो उघडून पाहणं भाग होतं. हौसिंगच्या मधोमध दातेरी चाकांचा जड गठ्ठा असतो, मिस्त्री त्याला गोळा म्हणायचा. गोळा सोडवण्याआधी त्यानं खूण करायला टपरीत रंग शोधला, डबा सुकून गेला होता. मग त्यानं देवीपुढच्या डबीतलं कुंकू तेलात कालवलं आणि बोटानं एक टिक्का गोळ्याच्या कडेवर, एक टिक्का त्याच्या समोर हौसिंगवर लावला. बसवताना टिक्क्याला टिक्का भिडवायचा, म्हणजे गोळा जसा होता तसाच बसतो. मी आणि बाबा तेव्हा दुसऱ्या बाजूला जुना एक्सल ओढून बाहेर काढत होतो. आम्ही ते पाहिलं नाही.

गोळा निघाला. दाते चांगले होते. मिस्त्रीनं हात जोडले आणि जेवायला घरी गेला. आम्हीही बोडीवर हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा आत्यानं गोळा आणि हौसिंग दोन्ही रॉकेलनं पुसून नव्यासारखे केले होते.

जेवून आल्यावर मिस्त्रीनं थोडा वेळ टिक्का शोधला असावा. आम्हाला काही बोलला नाही. तेलात निघून गेला असेल, असं त्यानं धरलं. हौसिंग जमिनीवर पाठीवर निजवलेलं, तोंड आभाळाकडे. अशा वेळी वर कुठलं, खाली कुठलं, हे पाहून कळत नाही. आणि बोल्टांची छिद्रं सगळीकडे सारख्या अंतरावर, त्यामुळे गोळा कसाही फिरवला तरी तो बसतोच. त्यानं नजरेनं अंदाज घेतला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून गोळा आत सोडला.

अष्टमीच्या दुपारी सगळं आवळून झालं. मला त्याच संध्याकाळच्या शेवटच्या बसनं नागपूरला निघायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल होतं. बाबा म्हणाले, "बाईले बसवूनच चालवून पाहू." आत्याला आम्ही दोघांनी धरून केबिनमध्ये चढवलं. मी तिच्या बाजूला पायरीवर उभा राहिलो. थांब्यावरचे लोक, पानठेल्यावाला, शेळ्या घेऊन चाललेली एक बाई, सगळे पाहत उभे राहिले.

बाबांनी पहिला गियर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे गेली.

बाबांनी ब्रेक दाबला. गियरच्या दांड्याकडे पाहिलं. पुन्हा पहिला टाकला. गाडी पुन्हा मागे, थेट टपरीकडे. मिस्त्री उडी मारून बाजूला झाला. मग बाबांनी रिव्हर्स टाकला, आणि गाडी हळूहळू, लाजल्यासारखी पुढे आली.

पानठेल्यावाला म्हणाला, "मिस्त्री, आता नागपूरले निंगाल तं तुमसरले पोहोचाल."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते तसेच बसले. तेव्हा आत्या त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाली, "मंग काय झालं बाबू? उलटी चालते तं उलटीच ने. माहं तोंड गावाकडं राहीन, एवढंच ना."

यावर मात्र बाबांनाही हसू आलं.

मिस्त्री गाडीखाली गेला होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "गोळा उलटा बसला. माह्या हातून असं कधी झालं नाई. टिक्का होता म्या लावला, कुकवाचा. कोठी गेला, काय मालूम."

केबिनमधून आत्याचा आवाज आला. "तो टिक्का म्या पुसला."

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"मले वाटलं, तुमी गाडीची पूजा केली. आमच्या गाडीले कुकू लागत नाई, म्हनून पुसला. खूण हाय, असं कोनं सांगतलं मले?" मग तिनं विचारलं, "पूजा होती का खूण होती, मिस्त्री?"

मिस्त्री खाली पाहत म्हणाला, "खरं सांगू बाई? दोनी होतं."

मी आत्याला उतरवायला हात पुढे केला, पण ती उतरली नाही. पदरानं उगाच दाराची काच पुसत बसली. दाराच्या चौकटीवरचं कुंकू पुसल्याची गोष्ट तिनं मला लहानपणी कितीदा तरी अभिमानानं सांगितली होती. तोच हात, तीच सवय, आणि त्यानंच तिचा रस्ता अडवला होता.

बाबांनी मिस्त्रीला विचारलं, "किती वेळ लागंल?"

"पुरं खोलावं लागंल. तेल काढा, शाप्ट सोडा, बाजूच्या दांड्या ओढा. अर्धा दिवस तं गेलाच."

"मंग उद्या सकाळपासून लागू."

मिस्त्रीनं टपरीतल्या देवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाऊ, उद्या नवमी हाय."

बाबांच्या ते ध्यानातच नव्हतं. नवमीला मिस्त्री आपली सगळी हत्यारं धुऊन देवीपुढे मांडतो, पाने, घन, जॅक, सगळी. त्यांची पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्याच्या बापापासून ते चालत आलेलं. बाबांनी आग्रह केला नाही. आपण आपलं सोडलं, म्हणून दुसऱ्यानं त्याचं सोडावं असं कसं म्हणायचं, असं त्यांच्या मनात असावं. ते फक्त "बरं," म्हणाले. आणि ऊन उतरायला लागलं होतं.

शेवटची बस आली. मी पिशवी घेतली, हात अजून काळेच होते. आत्या तशीच केबिनमध्ये बसून होती. मी खिडकीपाशी गेलो. "आत्या, मी तिथंच राहीन, दसऱ्याच्या दिवशी. मोठ्या फाटकापाशी." ती म्हणाली, "तू पेपर चांगला लिव्ह." बस वळली तेव्हा ती लांब नाकाची गाडी आणि तिच्यात बसलेली आत्या, एवढंच मागच्या काचेतून दिसलं.

प्रॅक्टिकल कसं झालं ते सांगण्यासारखं नाही. दसऱ्याच्या दिवशी मी सकाळपासून दीक्षाभूमीच्या फाटकापाशी उभा राहिलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतच होती. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या डोक्यावर गाठोडं. आमच्या टोल्यातले लोक रेल्वेनं आले होते, ते भेटले. पण ते नवमीच्या पहाटेच निघालेले, त्यांना काही माहीत नव्हतं. कंबरेतून वाकलेली म्हातारी दिसली की मी पुढे जायचो. अशा म्हाताऱ्या तिथे फार होत्या. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आधारानं चालत होत्या, आणि तोवर मला वाटत होतं की माझीच आत्या तेवढी अशी आहे. दिवे लागले तेव्हा मी खोलीवर परतलो. गाडी निघाली नाही, असं मनाशी धरलं.

गावात फोन नव्हता. बातमी कळायची ती बसबरोबर. आई अधूनमधून आमच्याकडच्या बसनं डबा पाठवायची आणि मी स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून तो घ्यायचो. कंडक्टर आमच्याच भागातला, आमच्या फाट्यावरून रोज जाणारा-येणारा. दसऱ्यानंतर दोन दिवस डबा आला नाही. मग एका दुपारी त्यानं मला लांबूनच पाहून डबा उंच केला. झिंग्यांच्या चटणीचा वास झाकणातून बाहेर येत होता.

"आली होती का हो आत्या?" मी डबा घ्यायच्या आधीच विचारलं.

"थांब बापा, तिकिटाचा हिशेब करू दे." पण त्यालाही सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. खांद्यावरची बॅग सावरत तो सांगू लागला. "नवमीच्या सकाळी माही फेरी फाट्यावर थांबली. पाह्यतो तं गाडी फळ्यांवर उभी. मिस्त्री स्टुलावर बसला, कपाळाले गुलाल, हात दोनी पाठीमागं. अन् गाडीखाली तुहा बाप, पानठेल्यावाला अन् भातगिरणीतले दोघं. पाने बी भातगिरणीतलेच आणले. मिस्त्री बसल्या जागून सांगून राहिला, डाव्या अंगचा सोड, त्याच्या बाजूचा सोड, हळू, अबे हळू. म्या म्हटलं, मिस्त्री, तुह्या हत्याराले तं सुट्टी ना? तं म्हणे, हत्यारं पूजेत हायेत, तोंड कोठी पूजेत हाय?"

"आणि आत्या?"

"ते गोळ्यापाशीच बसली होती. गोळा निंगाला तशी चंचीतून चुना काढला, अन् मिस्त्री दाखवंल तिथी बोट टेकवलं. एक इकडं, एक तिकडं. अन् मंग सांजपर्यंत कोनालेच गोळ्यापाशी फडकं नेऊ देल्लं नाई. मिस्त्री म्हणे, बाई, आता तं सोडा. तं म्हणे, नाई, गोळा बसू द्या पयले."

तो हसला. मीही हसलो.

"मंग? चालली का गाडी?"

"चालली ना, सीधी चालली. पर दसऱ्याले पहाटे निंगाले तं भंडाऱ्याच्या पुढं टायर बसला. शहरात गाडी घुसू देल्ली नाई, ते नाक्यावरच ठेवली. मिस्त्री बी संग होता. म्हणे, गाडीवर माहा भरोसा नाई. तुह्या बापानं एकीकडून अन् मिस्त्रीनं दुसरीकडून, असं धरून नेलं तिले. पोहोचेपर्यंत दिवे लागून गेले होते. लोकं परतून राहिले होते. ते बसली म्हणे तिथी मातीत, लय वेळ. उठतच नव्हती."

दिवे लागले तेव्हाच मी फाटकापासून निघालो होतो. मी विचारलं, "माझ्यासाठी काही म्हणाली का?"

मागची बस हॉर्न वाजवत होती. कंडक्टर पायरीवर चढला आणि दार ओढता ओढता म्हणाला, "हो ना. डब्बा तिनंच देल्ला आज, फाट्यापर्यंत चालत येऊन. म्हणे, पोराले सांगजो, मी येऊन गेली."